पंप वाढवला, पण विम्याला सांगितले का?

(ईट, ता. भूम, जि. धाराशिव येथील बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या भावावर बोलणे झाले, ज्वारीवर आणि कडब्यावरही झाले. मी जरा वेगळ्या विषयावर बोलणार आहे. मागच्या बैठकीनंतर लोक उठत होते, तेव्हा इथलेच एक पोरगे जवळ आले आणि हळूच म्हणाले, "भाऊ, पिकअपचा पंप वाढवलाय. विमा चालतो का हो?" मी विचारले, "विमा कंपनीला सांगितलंस का?" ते हसले. म्हणाले, "त्यांना कशाला सांगायचं?"

त्या दिवशी मी त्याला दोन वाक्यांत उत्तर दिले. ते अपुरे होते. आज पुरते देतो.

ज्यांच्या दारात गाडी नाही त्यांच्यासाठी आधी पंप म्हणजे काय ते सांगतो. डिझेल इंजिनात किती डिझेल जाऊ द्यायचे ते पंप ठरवतो. कारखान्यातून गाडी निघते तेव्हा त्या पंपाला मर्यादा घालून सील लावलेले असते. मिस्त्री ते सील तोडतो, स्क्रू फिरवतो आणि जास्त डिझेल सोडतो. कोणी टर्बोही बदलून घेतो. गाडीची ओढ वाढते, काळा धूरही वाढतो. नव्या गाड्यांत फिरवायला स्क्रू राहिलेला नाही. २०२० च्या एप्रिलपासून गाड्यांना बी. एस. ६ आणि २०२३ च्या जानेवारीपासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागू झाले, तेव्हापासून हे काम इंजिनावरच्या कॉम्प्युटरकडे गेले. तिथे मिस्त्री लॅपटॉप जोडतो आणि आत भरलेले आकडे बदलतो. शहरात त्याला ट्यूनिंग म्हणतात. स्क्रू फिरवा नाहीतर आकडे बदला, परिणाम तोच.

हे आपण हौसेने करत नाही. कर्ज मिळते चाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला आणि काम असते पन्नासचे. बालाघाटाचे चढ आहेत, कापसाने फुगलेली ट्रॉली आहे, सुगीत मळणी यंत्र आहे. मोठी गाडी घ्यायची तर लाखांत पैसे लागतात, मिस्त्री काही हजारांत काम करून देतो. शेतकऱ्याने हिशेब केला आणि पंप वाढवला. त्या हिशेबाला मी नावे ठेवणार नाही, कारण माझ्या घरातही तोच झाला होता. फक्त त्या हिशेबात एक रकम धरायची राहून जाते, आणि ती कोणती ते मला फार महागात कळले.

माझा धाकटा भाऊ पिकअप चालवायचा. तीही जुनी, पंपाची गाडी. पंप वाढवला, टर्बो बदलला, गाडी चढावर पळू लागली. दरवर्षी 'फुल' विमा भरत होतो. २०१४ साली कापूस जिनिंगला टाकून परत येताना वळणावर समोरून ट्रक आपली बाजू सोडून आला आणि आमच्या गाडीवर आदळला. भावाचा पाय मोडला, गाडीचा पुढचा भाग गेला. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. त्याने बॉनेट उघडले तेव्हा आमचा भाऊ प्लॅस्टर बांधलेल्या पायाने बाजेवर बसून अभिमानाने सांगत होता, "साहेब, पंप वाढवलाय, टर्बो पण मोठा टाकलाय. लई ओढते गाडी." सर्व्हेअरने शांतपणे लिहून घेतले. दोन महिन्यांनी पत्र आले. इंजिनात अनधिकृत बदल केला, तो कंपनीपासून लपवला, सबब दावा नामंजूर.

दुरुस्तीचा खर्च एक लाख ऐंशी हजार. गाडी उभी राहिली तर हंगाम जाणार, म्हणून व्याजाने पैसे काढले. मग ग्राहक मंचात गेलो. चूक ट्रकची होती, आमच्या पंपाचा अपघाताशी काही संबंध नव्हता, हे आमचे म्हणणे. अडीच वर्षांनी निकाल लागला आणि मंजूर रकमेच्या पंचाहत्तर टक्के मिळाले. तोवर व्याजाने बरेचसे गिळले होते. दावा पूर्ण बुडाला नाही, पण तो वेळेवर मिळाला असता तर आमचा बैल विकावा लागला नसता.

आता कायद्याचे बघू. गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात आणि ते वेगळे धरले नाहीत तर पुढचे काही समजणार नाही. पहिला थर्ड पार्टीचा. आपल्या गाडीने दुसऱ्या कोणाला इजा झाली, कोणी दगावला, तर त्याची भरपाई. हा भाग मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो ऐच्छिक आहे. 'फुल' म्हणतो तेव्हा हे दोन्ही आले.

दुसऱ्या भागातही सगळे येत नाही. धडक, उलटणे, आग, चोरी, पूर हे येते. झीज आणि यांत्रिक बिघाड येत नाही. म्हणजे पंप वाढवल्यामुळे इंजिन तापले, हेडगॅस्केट उडाले, पिस्टन धरला, तर तो खर्च कोणत्याच साध्या पॉलिसीत मिळायचा नाही. त्यासाठी कंपनीशी भांडून वेळ घालवू नका. वाढवलेल्या पंपाचे हे पहिले बिल मालकाच्याच नावाने येते.

मग बदल करण्याविषयी कायदा काय म्हणतो? त्याच कायद्याचे कलम ५२ आहे. नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करू नये, असे ते कलम म्हणते. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे कलम कडक अर्थाने लावले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२-अ आले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. राजस्थानकडे पाण्याच्या पंपाचे इंजिन गाड्यावर बसवून 'जुगाड' करतात. तेसुद्धा मोटार वाहनच आहे आणि त्याला हाच कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले.

याच कलम ५२ मध्ये एक गंमत आहे. दहा किंवा त्याहून जास्त वाहतुकीच्या गाड्या असलेल्या मालकाला, त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन आर.टी.ओ.च्या परवानगीशिवाय बदलण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकते. एका पिकअपच्या मालकाला ती मुभा नाही. दहा गाड्यांच्या मालकाचा शब्द पुरतो आणि एका गाडीवाल्याला अर्ज घेऊन रांगेत उभे राहावे लागते. हा फरक का, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. मात्र कायदा बदलेपर्यंत आपल्या दारातल्या गाडीला हाच कायदा लागू आहे.

पण प्रत्येक बदल बेकायदा नाही, हेही ऐका. पूर्वी पेट्रोलच्या जीपला डिझेल इंजिन बसवून घेत, ते जुन्या लोकांना आठवत असेल. ज्यांनी आर.टी.ओ.ला कळवून पुस्तकात नव्या इंजिनाचा नंबर चढवून घेतला त्यांचा बदल कागदावर आला. ज्यांनी नाही चढवला त्यांच्या गाडीत एक इंजिन आणि पुस्तकात दुसरे. आजही इंजिन खराब झाले म्हणून दुसरे बसवायचे असेल तर परवानगी घेऊन तसे करता येते. सी.एन.जी. किंवा एल.पी.जी.चे किट बसवायला तर २००० सालच्या दुरुस्तीने कायद्यातच जागा करून दिली. किट मान्यताप्राप्त हवे, बसवणारा अधिकृत हवा आणि चौदा दिवसांच्या आत आर.टी.ओ.ला कळवायला हवे. विम्यातही त्याची सोय आहे. २००२ च्या मोटार विमा दरपत्रकात किटच्या किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता स्वतःच्या नुकसानीच्या भागात आणि ६० रुपये थर्ड पार्टीत, असा हिशेब होता. म्हणजे पन्नास हजारांच्या किटला दोन हजार साठ रुपये. २००७ पासून स्वतःच्या नुकसानीचे दर कंपन्या आपापले ठरवतात, पण बदल सांगा, जादा हप्ता भरा आणि पॉलिसीवर नोंद घ्या, ही रीत तीच आहे.

पंप वाढवण्याला मात्र अशी सरळ वाट नाही. ट्रॅक्टरची चाचणी मध्य प्रदेशात बुदनीच्या केंद्रात होते, गाड्यांची पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या संस्थेत. तिथे जी ताकद आणि जो धूर मोजला त्यावर त्या मॉडेलला मान्यता मिळते. गावातला मिस्त्री ते बदलतो तेव्हा ती मान्यता त्या बदललेल्या इंजिनाला उरत नाही. विमा कंपनीला सांगितले म्हणून ते काम कायदेशीर होत नाही. हे कोणी तुम्हाला वेगळे सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका.

कंपनीला याच्याशी काय देणेघेणे, असे कोणी विचारेल. पंप वाढवल्याने इंजिनाची ओढ वाढते. ब्रेक, क्लच, टायर, स्टिअरिंग पहिल्या ताकदीच्या हिशेबानेच राहतात. जड माल घेऊन घाट उतरताना काय होते ते चालवणाऱ्याला विचारा. म्हणजे धोका वाढला. विमा हा धोक्याचा सौदा आहे. ज्या धोक्यावर हप्ता ठरला तो आपण मागाहून बदलला आणि समोरच्याला कळवले नाही, तर समोरचा बोट ठेवणारच. आपला कापूस कोणी एका भावात ठरवून काट्यावर दुसराच भाव लावला तर आपण गप्प बसतो का?

आता सांगायचे म्हणजे कुठे? पॉलिसी काढताना एक प्रपोजल फॉर्म असतो. आपल्याकडे तो एजंट भरतो. "दादा, इथं सही करा, बाकी मी बघतो." आपण सही करतो. त्या फॉर्मात गाडीला गॅस किट आहे का, बदल केला आहे का, कशासाठी वापरता, असे प्रश्न असतात. एजंट सगळीकडे 'नाही' लिहितो आणि ते 'नाही' आपल्या सहीने कंपनीकडे जाते. इंग्लंडात २०१२ च्या कायद्याने ग्राहकाच्या डोक्यावरचा एक भार कमी केला. न विचारलेले आपणहून सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर राहिली नाही, विचारलेल्याचे उत्तर मात्र काळजीपूर्वक खरे द्यायचे. जर्मनीत इंजिनाची ताकद वाढवली तर तज्ज्ञाकडून तपासून ती गाडीच्या कागदावर चढवून घेता येते. तशी तपासणीची वाट आपल्याकडे एका गाडीच्या मालकालाही मिळावी, ही मागणी रास्त आहे.

आता दुसरी बाजू. बदल सापडला की कंपनीचे देणे संपले, असे समजून परत फिरू नका. पत्रात 'नामंजूर' लिहिले म्हणजे विषय संपला असे नाही.

१९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नागराजू यांच्या प्रकरणात निकाल दिला. मालाच्या गाडीत परवानगीपेक्षा जास्त माणसे होती, म्हणून कंपनीने गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला होता. न्यायालयाने पाहिले की त्या जास्त माणसांमुळे अपघात झाला नव्हता, आणि कंपनीला पैसे द्यावे लागले. २०१० मध्ये अमलेंदू साहू यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की पॉलिसीच्या वापराची अट मोडली तरी दावा मुळातून फेटाळू नये, 'नॉन-स्टँडर्ड' धरून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत द्यावा. आमच्या मंचाने हेच धरले होते. हे दोन्ही निकाल वापराच्या अटींचे आहेत, पंपाचे नव्हेत. पण कंपनीने विचारायचा प्रश्न त्यांतून मिळतो. या बदलामुळे अपघात झाला का? झाला असेल तर दाखवा.

थर्ड पार्टीचे आणखी वेगळे आहे आणि तिथेच खरी जोखीम आहे. रस्त्यावरच्या जखमीचा तुमच्या पंपाशी काही संबंध नाही, म्हणून त्याला भरपाई नाकारायला कायद्याने कंपनीला मोजकीच कारणे ठेवली आहेत. २००४ मध्ये स्वर्ण सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी, लायसन्सच्या मुद्द्यावर, एक गोष्ट पक्की केली. अट मोडली हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर आहे. मात्र ते सिद्ध झाले तर न्यायाधिकरण कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावून ते मालकाकडून वसूल करायची मुभा देऊ शकते. आणि ती वसुली कलम १७४ प्रमाणे कलेक्टरच्या दाखल्यावर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. म्हणजे पिकअपची गोष्ट शेवटी आपल्या सातबाऱ्यापर्यंत येऊ शकते. माणूस दगावला तर भरपाई लाखांत असते. हीच ती रकम, जी आपण पंपाच्या हिशेबात धरत नाही.

तेव्हा काय करायचे ते क्रमाने सांगतो.

पहिले, घरी गेल्यावर पॉलिसी आणि नोंदणी पुस्तक शेजारी ठेवा. इंजिन नंबर, इंधन आणि वापर या तीन गोष्टी जुळतात का पाहा. ट्रॅक्टरच्या पॉलिसीवर 'शेतीसाठी' लिहिले असेल आणि तुम्ही भाड्याने माल ओढत असाल, तर तो पंपापेक्षाही मोठा प्रश्न आहे.

दुसरे, इंजिन बदलले असेल किंवा गॅस किट बसवले असेल आणि नोंद राहिली असेल, तर आर.टी.ओ.त नोंद करून घ्या. मग कंपनीला लेखी कळवा आणि पॉलिसीला जोडलेली नोंद हातात घ्या. एजंटला तोंडी सांगितले हे सांगितले नव्हे.

तिसरे, पंप किंवा कॉम्प्युटर वाढवला असेल तर माझा सल्ला, तो पुन्हा मूळ मापावर आणा आणि मिस्त्रीकडून पक्की पावती घ्या. ओझे पेलत नसेल तर दोन खेपा करा किंवा मोठ्या गाडीवाल्याशी भाडे ठरवा. ज्यांना हे पटत नाही त्यांनी निदान प्रपोजल फॉर्मात खोटे 'नाही' लिहू नये. खरे लिहा आणि कंपनीचे उत्तर लेखी मागा. ती विमा नाकारेल किंवा हप्ता वाढवेल. ते अपघाताआधी कळलेले बरे.

चौथे, प्रपोजल फॉर्म स्वतः वाचून भरा आणि त्याची प्रत ठेवा. मराठीतून समजावून मागा. लाजायचे कारण नाही, हप्ता आपण भरतो.

पाचवे, अपघात झाला तर सर्व्हेअरला खोटे सांगू नका. पण आमच्या भावासारखी फुशारकीही मारू नका. विचारले त्याचे खरे उत्तर द्या, ते आपणही लिहून ठेवा, फोटो काढा आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत लेखी मागा.

सहावे, दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. एक वर्षाच्या आत जायला हवे, फी नाही, वकील लागत नाही. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथे मुदत दोन वर्षांची आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. हैदराबादच्या विमा नियामकाचा तक्रारीचा फोन १५५२५५ आहे.

त्या पोराचा प्रश्न होता, विमा चालतो का. माझे उत्तर असे. जखमी झालेल्या माणसासाठी बहुधा चालतो, पण त्याचे बिल तुझ्या दारात येऊ शकते. तुझ्या गाडीसाठी भांडल्यावर काही मिळेल, वेळेवर मिळणार नाही. आणि इंजिन जळाले तर काहीच मिळणार नाही.

येत्या बाजाराच्या दिवशी मी इथेच आहे. ज्यांच्याकडे पिकअप, ट्रॅक्टर, जीप आहे त्यांनी पॉलिसी आणि पुस्तक घेऊन यावे. एकेक कागद बसून वाचू. त्या पोरानेही यावे. मी आमच्या नामंजुरीचे पत्र घेऊन येतो, ते त्याने पहिले वाचावे.